भूक स्पीकरची, आकडे अॅम्पचे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. माझ्या लेखात १५० वॅटच्या स्पीकरला मी ६० वॅटचा हायब्रिड अॅम्प (पुढे व्हॅक्यूम ट्यूब, शेवटी ट्रान्झिस्टर असा अॅम्प्लिफायर) सुचवला, म्हणजे स्पीकर उपाशी राहणार. आणि हायब्रिड मुळातच ‘ना धड ट्यूब, ना धड ट्रान्झिस्टर’, त्यातली ट्यूब नुसती शोभेची.

पहिला आक्षेप मला अजिबात मान्य नाही. स्पीकरच्या पाठीवर छापलेले १५० वॅट ही त्याची सहनशक्ती. भूक कळते ती सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे ठरावीक व्होल्टला तो किती मोठा आवाज काढतो त्यावरून. लेखातला स्पीकर ८६ डेसिबलचा आहे. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले (८ ओहमला हा बरोबर १ वॅट) की एक मीटरवर ८६ डेसिबल. तीन मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत यातले साडेनऊ डेसिबल जातात, पण घरात दुसरा स्पीकर आणि भिंती मिळून बरेचसे परत देतात. घरी सरासरी ७५-८० डेसिबलला ऐकणाऱ्याला वॅटभर पुरतो. बाकीचे वॅट ड्रमच्या एखाद्या ठोक्यापुरते राखीव. ६० वॅट म्हणजे त्या १ वॅटच्या वर जवळपास १८ डेसिबलची जागा. १२० वॅटचा अॅम्प घेतलात तर त्यात भर पडेल फक्त ३ डेसिबलची. लहान अॅम्पने ट्वीटर जळतात हे खरं, पण आवाज फाटत असतानाही नॉब पिळत राहिलं तर.

मी घाबरतो ते इम्पीडन्सला, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला करतो त्या अडथळ्याला (तो ओहममध्ये मोजतात; जितका कमी, तितका जास्त प्रवाह अॅम्पला द्यावा लागतो). ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर काही फ्रिक्वेन्सींना ४ ओहमच्या खाली उतरू शकतो आणि कधी कधी त्याच्या आसपास फेज अँगलही (व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यातलं मागेपुढे होणं) मोठा असतो. ८ ओहमला ६० वॅट म्हणजे साधारण २२ व्होल्ट. तेवढेच व्होल्ट ४ ओहमवर टिकवायचे तर साडेपाच अँपिअर द्यावे लागतात, म्हणजे १२० वॅट. म्हणून माहितीपत्रकात ४ ओहमचा आकडा आधी बघा. ८ ला ६० आणि ४ ला ११० असेल तर पॉवर सप्लाय दमदार. ८ ला १०० आणि ४ ला १२० असेल, तर तो शंभराचा आकडा मला फारसा भुलवत नाही.

आता ‘ना धड’वाला आक्षेप. हायब्रिडमध्ये ट्यूब असते पुढच्या, व्होल्टेज वाढवणाऱ्या टप्प्यात. स्पीकरशी गाठ पडते ती ट्रान्झिस्टरची (मॉसफेट हा त्याचाच एक प्रकार). मध्ये ट्यूबला स्पीकरशी जुळवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा, सहसा कमी. याने काय होतं ते हिशेबातच बघा. स्पीकर ४ ते २० ओहम असा वरखाली होतो असं धरू. २ ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या ट्यूब अॅम्पवर नुसत्या त्या चढउताराने आवाजात पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो. ०.२ ओहमवर तोच फरक जेमतेम एक तृतीयांश डेसिबल. तुम्ही ज्याला ‘ट्यूबची ऊब’ म्हणता, त्यातला बराच भाग हा असा फुकटचा इक्वलायझर असतो! तो आवडला तर जरूर ठेवा, पण स्पीकर बदलला की ऊबही बदलणार. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन चूक सुधारणं) न वापरणाऱ्या काही हायब्रिडचा आउटपुट इम्पीडन्सही चढा असतो, तेव्हा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स) बघून घ्या : ८ ओहमला ४० म्हणजे ०.२ ओहम, आणि ४ म्हणजे थेट २.

शोभेच्या ट्यूबचं मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. ईसीसी८३ सारख्या नेहमीच्या छोट्या ट्यूबला प्लेटवर (तिच्या आतल्या धन टोकावर) शेकड्यांत व्होल्ट हवेत. काही स्वस्त हायब्रिड तिला २०-३० व्होल्टांवर ठेवतात आणि खाली नारिंगी एलईडी लावून देतात. असे अॅम्प मी सुचवणारही नाही.

तुमच्या स्पीकरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि मिळाला तर इम्पीडन्सचा आलेख पाठवा. किमान आकडा ३ ओहमच्या खाली निघाला, तर ६० वॅटचा तो अॅम्प तुमच्यासाठी मी स्वतःच यादीतून काढीन.