यहेज्केलाच्या विटेवर 14 मे 1948 ही तारीख नाही

ख्रिस्ती ग्रुपांवर एक हिशेब वर्षानुवर्षं फिरतो आहे. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायातले 390 आणि 40 दिवस, दिवसाला एक वर्ष धरून, म्हणजे 430 वर्षांची शिक्षा. त्यातून बाबेलच्या बंदिवासाची 70 वजा, उरली 360. लेवीय 26:18 प्रमाणे सातपट, म्हणजे 2,520. वर्ष 360 दिवसांचं धरून 9,07,200 दिवस. बंदिवास संपला असं धरलेल्या इ.स.पू. 536 च्या वसंतापासून ते मोजले की नेमका 14 मे 1948 येतो, इस्राएल राष्ट्राच्या घोषणेचा दिवस. विखुरलेल्यांना परत आणण्याचं देवाचं वचन आम्ही मनापासून मानतो, म्हणूनच ते अशा गणितावर टांगलेलं पाहवत नाही.

"तारीख तंतोतंत जुळते." जुळत नाही. 9,07,200 ला 365.2422 ने भागा, 2,483.8 वर्षं येतात. एप्रिल 536 इ.स.पू. ते एप्रिल 1948 हे अंतर 2,483 वर्षांचं (शून्य साल नसतं, म्हणून बेरजेतून एक वजा). दिवस पुरे होतात ते 1949 च्या फेब्रुवारीच्या आसपास. चूक दशांशात आहे: 536 चा वसंत "536.4" असा मांडतात, पण इ.स.पू.ची सालं उलटी चालतात, तो 535.7 व्हायला हवा. शिवाय पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं इ.स.पू. ऑक्टोबर 539 मध्ये आणि यहुद्यांना परत जाऊ देणारा एज्रा 1:1 चा हुकूम त्याच्या पहिल्या वर्षाचा, म्हणजे 538 च्या वसंतापासून पुढच्या वसंतापर्यंतचा. मे 1948 गाठायचा तर सुरुवात जुलै 537 ला करावी लागते, तेव्हा ते वर्ष संपलेलं होतं.

"बायबलचं वर्ष 360 दिवसांचं." प्रकटीकरणात 42 महिने म्हणजे 1,260 दिवस आहेत, हे खरं. पण वल्हांडण हा सण अबीब महिन्यातच, वसंतात पाळायचा (बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, 16:1). सण ऋतूला धरून राहावेत म्हणून यहुदी पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना येतो, 19 वर्षांत सात. 360 दिवसांचं वर्ष चालवलं असतं तर 35 वर्षांत सण अर्धं वर्ष सरकला असता. आणि याच हिशेबात वजा केलेली 70 वर्षं मात्र साधी आहेत. एकाच गणितात दोन मापं.

"सातपट म्हणजे गुणिले सात." लेवीय 26 मध्ये सातपटीचा इशारा चारदा येतो (18, 21, 24, 28). तो शिक्षेच्या तीव्रतेचा आहे. तिथे वर्षांचा आकडाच नाही. गुणायचंच तर एकदाच का?

यहेज्केल 4 मुळातून वाचा. संदेष्ट्याने विटेवर यरुशलेम कोरायचं, भोवती वेढ्याचे मोर्चे रचायचे, मध्ये लोखंडी तवा उभा करायचा. 390 दिवस डाव्या कुशीवर, मग 40 दिवस उजव्या. रोज 20 शेकेल भाकर, म्हणजे सुमारे 230 ग्रॅम, आणि हिन या मापाचा सहावा भाग पाणी, जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. हे वेढ्यातल्या माणसाचं रेशन आहे. अध्याय शहर पडण्याबद्दल आहे, परतण्याचा त्यात शब्दही नाही. जुन्या ग्रीक प्रतींत तर 390 च्या जागी 190 आहे. त्या आकड्यावर पुढची सगळी बेरीज कोसळते.

"राष्ट्र एका दिवसात जन्मलं, यशया 66:8." घोषणा एका दिवसाची होती, परतणं नव्हे. कोकणातल्या बेने इस्राएलांकडेच, म्हणजे तिथल्या मराठी यहुद्यांकडेच पाहा. अलिबाग-पेणच्या गावांतून आणि मुंबईतून ते 1948 नंतर दशकानुदशकं थोडेथोडे गेले. तिथे त्यांच्या लग्नांना मान्यता देण्यावरून रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) अडवलं आणि 1964 मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य होईपर्यंत झगडावं लागलं. त्यांचं मराठी नियतकालिकही तिथे निघालं. या लोकांचं परतणं एका तारखेत कोंबणं त्यांच्यावर अन्याय आहे.

सर्वांत जास्त खटकतं ते हे, की या पोस्टमध्ये "माझ्याकडे परत या" हा भागच गळतो. अनुवाद 30 मध्ये लोक मनापासून वळतात, मग देव गोळा करतो. यहेज्केल 36 मध्ये देव आधी गोळा करतो, मग शुद्ध पाणी शिंपडून नवं हृदय देतो. क्रम वेगळा, पण हृदय दोन्हीकडे आहे. पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्या या यहुद्याने अनुवादातलं हेच वचन शूशनच्या राजवाड्यात, इ.स.पू. 445 च्या सुमारास, आपल्या काळासाठी धरलं (नहेम्या 1:8-9). तोवर एज्रा 2:64 मधले 42,360 लोक परतून कितीतरी वर्षं झाली होती, तरी यरुशलेमचा तट पडलेलाच होता. त्याने उरलेले दिवस मोजले नाहीत. त्याने उपास धरला, "मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं" असं कबूल केलं आणि मग राजाकडे सुटी मागायला गेला.