पिक ठरेना

गिटारच्या तारा छेडायचं पिक दिसायला अगदी गरीब. कोपरे गोल केलेला त्रिकोण, जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर, किंमत चहाच्या पैशात. गिटार घेतली की दुकानदार दोन-चार फुकटच देतो, कारण त्यातली निम्मी लवकरच गिटारच्या पोटात जाणार हे त्याला माहीत असतं. मग गिटार उलटी धरून हलवत बसायचं. भोकापाशी येऊन, तोंड दाखवून पिक परत आत.

पण पडतं ते परवडलं, फिरतं ते नको. पहिल्या ओळीला टोक तारेवर, दुसऱ्या ओळीला ते मनगटाकडे वळलेलं, आणि ध्रुवपद येईतो मी पिकच्या गोल खांद्याने वाजवतोय. 'टण'चा 'धप' होतो. घाबरून अंगठा दाबावा, तर हात ताठ होतो, तळव्याला घाम फुटतो आणि पिक ओल्या साबणासारखं सुळकन सटकतं. त्यात आमचं ग्वाल्हेर. जूनमध्ये पारा 45 ला टेकतो. कूलर लावला तर खसची दमट हवा, बंद केला तर धारा. गळा सुधारावा म्हणून तानसेनच्या मकबऱ्याजवळच्या चिंचेचा पाला चघळायची इथे जुनी रीत आहे. अंगठ्यासाठी काय चघळावं, ते मात्र कोणी सांगत नाही.

बाकी सगळं सांगतात. शहराच्या लश्कर भागातला आमचा वाडा; गाण्यातलं कळत नाही असं म्हणणारा माणूस इथे भेटायचा नाही. आत्या सतारवाली. तिने तर्जनीवरची मिजराब, म्हणजे सतार छेडायची नखी, नाचवून दाखवली. "ही बघ, तारेची. बोटात घट्ट. वळ उठेल, पण हलायची नाही. सरोदवाल्यांचा जवा बघ, नारळाच्या करवंटीचा, कसा जाडजूड. जिवाजीगंजात सरोदघर आहे, जाऊन ये एकदा. नि तुझं हे काय, नखाएवढं!" आत्यापुढे गिटारची बाजू मांडण्यात अर्थ नसतो.

जिन्याखालचे काका म्हणाले, पॉलिश पेपर मार. मारला, पकड आली, पण दोन्ही बाजू घासताना टोकही खरखरीत झालं आणि तार किरकिरू लागली. भाच्याने ऑफिसच्या पंचने मधोमध भोक पाडून दिलं. हे खरंच चालतं, अंगठ्याचं मांस भोकात जरा रुततं. मग मी मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापलं. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर मिडियम पिक. वर उठावाचे आकडे अंगठ्याखाली आले की पकड मजबूत. फक्त कडा घासून घ्याव्या लागतात. 'क्वीन' बँडचा गिटारवाला ब्रायन मे तर सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो, असं मी काकांना सांगितलं. "मग तू अठन्नी घे ना भैया," काका म्हणाले, "तशीही कोणी घेत नाही."

खरा गुंता टोकाच्या लांबीत आहे. अंगठा हा खुंटा. टोक जितकं बाहेर, तितका तार त्याला फिरवायला जोर लावते. तीन-चार मिलिमीटरच बाहेर ठेवावं, तर्जनी दुमडून तिच्या कडेवर पिक टेकवावं, आणि ते तारेला सपाट भिडवण्याऐवजी किंचित तिरपं धरावं, म्हणजे तारेवरून घसरून निघतं. शिकवणाऱ्या मुलाने हे सांगितलं. वयाने माझ्या निम्मा, पण मी त्याला सर म्हणतो. त्याचा हात मी अगदी जवळून पाहिला, आणि काय दिसलं? त्याचंही पिक फिरतंच! दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत मधलं बोट हळूच येतं, पिकला सरळ करतं आणि परत जातं. विचारलं तर म्हणे, "मी असं करतो?"

तेव्हापासून मी फटी शोधतो. संथ गाण्यात सापडतात. वाड्यातल्या गणपतीच्या आरतीत नाही. तिथे टाळ्या सुरुवातीला बऱ्या असतात, मग पोरं चेकाळतात, झांज धावते, आणि मधलं बोट शिरवायला जागाच उरत नाही. तिसऱ्या कडव्याला माझं पिक फिरलं, मी दाबलं, ते उडालं आणि थेट आरतीच्या तबकात, नाण्यांत जाऊन पडलं. मी हात पुढे केला. आत्याने मनगट धरलं.

"तबकातलं परत घ्यायचं नसतं. वाजव नखाने."