‘बोटॉक्स विष, फिलर नैसर्गिक’: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

लगीनसराई जवळ आली की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. गंगापूर रोडच्या सोसायट्या असोत की सिडको-इंदिरानगरच्या भिशी, मजकूर तोच. बोटॉक्स म्हणजे सापाचं विष, एकदा घेतलं की सुटत नाही, सोडलं तर चेहरा दुप्पट लोंबतो. फिलर (चेहऱ्यातले खळगे भरायला टोचतात ते जेल) मात्र आपल्या शरीरातल्याच पदार्थाचं, नको वाटलं तर विरघळवता येतं, म्हणून सुरकुत्यांवर फिलरच घ्या. त्याहून उत्तम पीआरपी, म्हणजे आपलंच थोडं रक्त काढून त्यातला काही भाग चेहऱ्यावर टोचणं, ते तर स्वतःचंच रक्त. आणि हे सगळं पार्लरमध्ये निम्म्या दरात होतं, दोघी मैत्रिणींनी एक सिरिंज वाटून घेतली तर आणखी स्वस्त.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. हा मेसेज उघडून मोबाइल माझ्यासमोर धरणाऱ्या काकू आणि ताया ओपीडीत येतात. ‘मॅडम, ते विषाचं नको, दुसरं करा,’ म्हणतात. तेव्हा एकदा सगळंच लिहून टाकते.

आधी तो साप. त्याचा इथे काही संबंध नाही. बोटॉक्स हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूने तयार केलेलं प्रथिन, म्हणजे एक टॉक्सिन आहे. विष आहे हे खरं, आणि चांगलंच जहाल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी त्या विषबाधेची लक्षणं बारकाईने नोंदवली आणि याचाच कधीतरी औषध म्हणून उपयोग होईल, असंही सुचवून ठेवलं. अमेरिकेत १९८९ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली ती सौंदर्यासाठी नव्हे, तर तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याचा आजार यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांची मान्यता २००२ सालची. मज्जातंतूकडून स्नायूला ‘आवळ’ असा जो रासायनिक निरोप जातो, तो हे औषध काही काळ अडवतं. आठ्यांसाठी बोटॉक्सचा नेहमीचा डोस २० युनिट. साधारण तीन ते पाच दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. चुकीच्या जागी पसरलं तर पापणी खाली येते. हे त्रासदायक असतं, पण काही आठवड्यांत आपोआप सुटतं. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर आम्ही ते देत नाही.

‘सुटत नाही’ यात काही दम नाही. औषध उतरलं की स्नायू पूर्वीसारखा आवळू लागतो आणि आठ्या परत दिसतात, एवढंच. चार महिने गुळगुळीत कपाळ बघायची सवय झालेली असते, म्हणून जुनंच कपाळ जास्त वाईट वाटतं.

आता मेसेजचा गाभा: फिलर नैसर्गिक, म्हणून निर्धोक. माझा सगळ्यात मोठा आक्षेप याला आहे, कारण लोक नेमक्या याच वाक्यावर विसंबून खुर्चीत बसतात. बरीचशी फिलर्स हायलुरॉनिक अॅसिडची असतात, आणि ते आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत असतं, हे बरोबर. १९३४ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं तेही गुरांच्या डोळ्यातून. पण सिरिंजमध्ये येतं ते कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून तयार केलेलं असतं आणि लवकर विरू नये म्हणून रसायनाने त्याचे धागे एकमेकांत गुंतवलेले असतात. शरीरातलं हायलुरॉनिक अॅसिड एक-दोन दिवसांत मोडून जातं, हे जेल कित्येक महिने टिकतं. काही जणांच्या एमआरआयमध्ये तर ते वर्षानुवर्षं दिसलेलं आहे.

आणि धोका पदार्थाच्या जातीत नसून सुई कुठे आहे यात असतो. चेहऱ्यावर धमन्यांचं दाट जाळं आहे. जेल चुकून धमनीत शिरलं तर पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. भुवयांच्या मधली जागा, नाक आणि कपाळ इथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. तिथे दाबाने ढकललेलं जेल उलट्या दिशेने जाऊन डोळ्याचा पुरवठा बंद करू शकतं. असं क्वचित घडतं, पण घडलं तर दृष्टी बहुधा परत येत नाही. टॉक्सिनच्या, म्हणजे बोटॉक्सच्या, योग्य डोसने असं अंधत्व येत नाही. म्हणजे मेसेजमध्ये जे ‘नैसर्गिक’ आहे, त्याचा सगळ्यात वाईट परिणाम त्या ‘विषा’पेक्षा कितीतरी भयंकर आहे.

त्वचेचा पुरवठा तुटला तर ते बहुतेक वेळा लगेच कळतं. टोचल्या जागी, कधी जरा लांबही, कातडी पांढरी फटक पडते. मग जाळीसारखे जांभळट डाग उमटतात आणि टोचण्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असतं. बोटाने दाबून सोडलं की निरोगी त्वचा एक-दोन सेकंदांत पुन्हा लालसर होते, इथे तो रंग परत यायला वेळ लागतो. ‘थोडी सूज आहे, बर्फ लावा, उद्या फोन करा’ म्हणून पेशंटला घरी पाठवायची ती वेळ नव्हे.

विरघळवता येतं म्हणतात, तेही अर्धंच खरं. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम हायलुरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवतं. मोतिबिंदूच्या भुलीत नेत्रतज्ज्ञ तेच वापरतात. पण त्याचीही अॅलर्जी येऊ शकते, आणि ते हाताशी असेल, कधी व किती टोचायचं हे माहीत असेल, तरच त्याचा उपयोग. शिवाय सगळी फिलर्स या अॅसिडची नसतात. कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइट, पॉलि-एल-लॅक्टिक अॅसिड यांवर हे एन्झाइम चालत नाही. ‘फिलर’ एवढंच बिलावर लिहिलेलं असेल तर यातलं नक्की काय टोचलं, ते तुम्हाला कळणार कसं?

‘सुरकुत्यांवर फिलरच’ या सल्ल्यात निवडच चुकलेली आहे. टॉक्सिन आणि फिलर एकमेकांना पर्याय नाहीत. आरशासमोर बसा आणि चेहरा सैल सोडा. मग कपाळाला आठ्या घाला, जोरात हसा, पुन्हा सैल सोडा. हालचालीबरोबर येणारी आणि जाणारी रेघ स्नायूची, तिथे टॉक्सिन. चेहरा शांत असतानाही गालफडं बसलेली, डोळ्यांखाली खळगा, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घळ असेल, तर आतली चरबी आणि हाडाचा आधार कमी झालेला असतो, तिथे फिलरचा विचार. आणि आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जणींची तक्रार या दोन्हींतली नसतेच. गालावर वांग, उन्हाने काळवंडलेली, खरखरीत त्वचा. स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळणाऱ्या शहरात सनस्क्रीन मात्र कुणी लावत नाही! वांगावर बोटॉक्सही नको आणि फिलरही. आठ्यांच्या जागी फिलर भरणं तर दुहेरी चूक: दोष स्नायूचा, आणि जागा नेमकी वर सांगितलेल्या धमन्यांची.

पीआरपीत आपल्याच रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) असतात, म्हणून ते सगळ्यात उत्तम, असं मेसेज म्हणतो. बसलेला गाल त्याने भरत नाही आणि आठीही सुटत नाही. फार तर त्वचेचा पोत थोडा सुधारतो, तोही प्रत्येकीचा सारखा नाही. राहिला सुरक्षिततेचा मुद्दा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये असं ‘स्वतःच्या रक्ताचं’ फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथल्या आरोग्य यंत्रणेने २०२४ साली त्याचा अहवाल दिला. रक्त स्वतःचं असलं तरी सुई आणि नळी कुणाची होती, हा प्रश्न उरतोच.

मग निम्मा दर. बोटॉक्सची नवी बाटली हातात घेतली तर रिकामीच वाटते. तळाशी पुसट पांढरा थर असतो, बस. त्यात सलाइन घालून द्रावण करतात. ते किती घातलं हे करणाऱ्यालाच माहीत. म्हणून ‘किती एमएल’ असं विचारून काही कळत नाही, ‘किती युनिट आणि कोणत्या ब्रँडची’ असं विचारायचं. ब्रँडची युनिटं सारखी नसतात. आठ्यांसाठी बोटॉक्सची २० लागतात, डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची ५०. तेव्हा ‘आमच्याकडे ५० युनिट मिळतात’ ही जाहिरात ऐकून हुरळून जायचं कारण नाही. बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, त्या उन्हात कुणाच्या डिकीतून आलेल्या बाटलीत औषधाचा जोर किती उरला असेल, देव जाणे. बनावट बोटॉक्सबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने २०२४ मध्येच इशारा दिलेला आहे. नवरीने आणखी एक बघावं: हळद चेहऱ्याला चोळून लावतात, आणि टॉक्सिन घेतल्यावर निदान दिवसभर तरी चेहरा चोळायचा नसतो. लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी यायला हवं. हळदीच्या आदल्या संध्याकाळी येऊन उपयोग नाही.

सिरिंज वाटून घेण्याचा सल्ला कुणी दिला, त्याला भेटायची इच्छा आहे. फिलरची सिरिंज बहुतेक १ एमएलची, एका माणसासाठी, एका वेळेसाठी. सुई बदलली म्हणून सिरिंज स्वच्छ होत नाही, कारण टोचताना थोडं रक्त मागे येऊ शकतं. हिपॅटायटिस बी त्यातून सहज जातो. सिरिंज तुमच्यासमोर सीलबंद खोक्यातून निघाली पाहिजे. खोक्यात बॅच नंबरचे स्टिकर असतात, एक तुमच्या फाइलला लावायचा, दुसरा मागून घरी न्यायचा. पुढे कधी गाठ आली, सूज आली, तर आत काय आहे ते त्यावरूनच कळतं. सिरिंजमध्ये पाव एमएल उरलं, तर पैसे दिलेले असले तरी ते फेकायचं. ‘पुढच्या महिन्यात वापरू, फ्रिजमध्ये ठेवा’ असं म्हणणाऱ्या ताईंनाही मी हेच सांगते. फार रुसल्या तर चहा पाजते.