थार रिकामं कधीच नव्हतं

थारच्या वाळवंटाबद्दलचा एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राजस्थानात नुसती वाळू होती, तिथल्या लोकांना शेती ठाऊक नव्हती, इंदिरा गांधी कालवा आला आणि वाळवंटाचं नंदनवन झालं. कालव्याचं मोठेपण मला मान्य आहे. पण या मेसेजनं थारची माणसंच पुसून टाकली आहेत, ते खपवून घ्यावंसं वाटत नाही.

‘नुसती वाळू होती.’ थार हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. जैसलमेर, जोधपूर, बिकानेर ही शहरं पाचशे वर्षांहून जुनी आहेत. वाळूच्या टेकड्यांइतकेच इथे खडकाळ माळ आहेत, सेवण गवताची कुरणं आहेत, त्यावर पोसलेल्या थारपारकर आणि राठी गाई आहेत. आणि खेजडीचं झाड आहे, ज्याच्यासाठी १७३० मध्ये खेजडली गावात बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले.

‘शेती ठाऊक नव्हती.’ हे तर सपशेल खोटं. जैसलमेरकडे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही, तरी तिथे गहू-हरभरा पिकत आला आहे, तो खडिनांमुळे. ही पद्धत पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास रुजवली. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी खालच्या सखल शेताला आडवा मातीचा बांध घालून अडवायचं. एका एकराच्या शेतासाठी साधारण पंधरा एकरांवरचं पाणी गोळा होतं, सोबत गाळही येतो. पाणी हळूहळू मुरतं, उरलंसुरलं सोडून देतात आणि त्या ओलीवर रब्बी पेरतात. पुढे पाण्याची एकही पाळी द्यावी लागत नाही.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट याहून थक्क करणारी आहे. थारचं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं. पण काही भागांत वाळूखाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा थर आहे. मुरलेलं पावसाचं पाणी त्या थरावर ओल बनून थांबतं, खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे कुंई, म्हणजे छोटी विहीर, खणतात. ती इतकी अरुंद की आत एकच माणूस जेमतेम बसेल. आखूड दांड्याच्या अवजारानं तो खणत जातो आणि आतली हवा बदलावी म्हणून वरची माणसं मुठी-मुठीनं वाळू खाली फेकतात. जमिनीखाली कुठे काय आहे, हे या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

‘कालव्यानं पहिल्यांदा पाणी आणलं.’ तेही नाही. छप्पनियाच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ (इ.स. १८९९-१९००) मधल्या, भीषण दुष्काळानंतर बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी सतलजचं पाणी आणायचा ध्यास घेतला आणि १९२७ मध्ये गंगनहर हा कालवा सुरू झाला. इंदिरा गांधी कालव्याचं काम त्यानंतर ३१ वर्षांनी, १९५८ मध्ये सुरू झालं.

राहिलं नंदनवन. पंजाबातल्या हरिकेपासून ६४९ किलोमीटर पाणी वाहून आणणं हा पराक्रमच आहे. त्यानं लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याची सोय झाली, बायकांची मैलोन्‌मैल पायपीट वाचली. पण जो थर कुंईचं पाणी राखतो, तसलाच थर कालव्याच्या लाभक्षेत्रातही कमी खोलीवर आहे. त्यावर पिकांना वारेमाप पाणी दिल्यावर ते खाली जाईना. हनुमानगढकडच्या शेतांत ते वर आलं, क्षार घेऊन आलं, चांगल्या जमिनी पडीक झाल्या. तिथले शेतकरी याला ‘सेम’ म्हणतात. सेवणची कुरणं नांगरली गेली, त्यांच्याबरोबर गोडावणाचा, म्हणजे आपल्या माळढोकाचा, आसराही गेला.

कुंई खणणाऱ्यांना जे माहीत होतं, ते आराखडे आखतानाच त्यांच्याकडून समजून घ्यायला हवं होतं. आणि ‘जुन्या पद्धती संपल्या’ असं मेसेजच्या शेवटी लिहिणाऱ्यांनी चांगल्या पावसानंतर जैसलमेरला जावं. खडिनांत आजही पेरणी होते.