बॅटरीची वायर काढून बिघाड जात नाही

‘जुन्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची निगेटिव्ह वायर १० मिनिटं काढून ठेवा, बिघाड जातो’ असा मेसेज फिरतोय. जातो तो दिवा. बिघाड जागच्या जागी राहतो, आणि ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेला फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, पुसला जाऊन मेकॅनिक चाचपडत बसतो.

आधी कोड वाचणारा स्कॅनर गाडीला लावून कोड लिहून घ्या. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं इंधन नीट पेटत नाही. दोष ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, इंधन फवारणारा इंजेक्टर कशातही असू शकतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड ‘पी०३०२’ (दुसऱ्या सिलिंडरचा) झाला, तर कॉइलच गेली. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.