उत्तर: ‘दमलेली फोर बाय फोर गळ्यात मारली’ या अभिप्रायाला

नमस्कार सर,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण वळताना गाडी झटके देते, बोटीचा ट्रेलर लावून चढ चढताना गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागतो, म्हणजे ‘आधीच ओढून ओढून दमलेली गाडी’ होती, हा निष्कर्ष मान्य नाही. गाडी रॅम्पवर चढवून आपण दोघांनी खालून पाहिली होती. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) ट्रेलर ओढायचा हुक बसल्याची खूण नव्हती, ट्रेलरचं वायरिंगही नव्हतं. हुक तुम्ही नंतर बसवलात.

झटक्यांचं सोपं आहे. ही पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच द्यायची; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल हिला नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर जरासे घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर निघत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर येतो. रस्त्यावर टू-एचमध्येच (फक्त दोन चाकांना ताकद) चालवा. घरात दुसरं कोणी चालवत असेल तर त्यांनाही सांगा.

तापण्याचं कारण वेगळं. चारही चाकांना ताकद गेली की पकड वाढते, ओढण्याची क्षमता नाही. ती चासी, ब्रेक आणि गिअरबॉक्सच्या कूलिंगवर ठरते. शिवाय हुकची स्वतःची मर्यादा असते, गाडीची आणि हुकची, दोन्हींत जी कमी ती खरी. घेताना तुम्ही नुसत्या बोटीचं वजन सांगितलंत. त्यावर मोटर, इंधन, सामान आणि खुद्द ट्रेलर! तुमच्याच फोटोत गाडी मागून चांगलीच बसलेली दिसते. हुकवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार येतो. म्हणजे २००० किलोच्या ट्रेलरचे २०० किलो गाडीच्या पेलोडमधून (गाडी स्वतःवर वाहू शकते त्या वजनातून) आधीच गेले, माणसं बसायच्या आत. हे भलेभले विसरतात. त्यात चढावर ‘डी’मध्येच ठेवली की गिअर सारखे वर-खाली होतात, इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल उकळायला लागतं. गिअर खालचा धरून ठेवा.

आता एक करा. नेहमीसारखा भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या आणि पावती घेऊन या. गिअरबॉक्सचं तेल तुमच्यासमोर काढू. काळपट निघालं, जळका वास आला, तर तेल आणि फिल्टर आमच्याकडून; जादा ऑइल कूलर लावायचा असेल तर तो खर्च तुमचा. वजनच क्षमतेबाहेर गेलं असेल तर कूलरनेही भागणार नाही, मोठी गाडी बघावी लागेल. ही आम्ही परत घेऊ, किंमत मात्र गिअरबॉक्स तपासूनच सांगेन.