सांगितले असे दिसावे, पण सांगू नये

अभिनंदन. तुमच्या टीमची प्रोग्रॅमिंग भाषा तयार झाली, कंपाइलर चालतोय, रनटाइम (प्रोग्रॅम चालताना त्याच्यामागे राबणारी यंत्रणा) मेमरी मागतो आणि मनात आले तर परतही करतो. आता रनटाइममधली फंक्शन्स आणि सोबतच्या सर्व्हिस कमांड्स काय करतात याचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरणाऱ्यासाठीची माहिती, कुणीतरी लिहून काढायची आहे. मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा बाकीच्यांचे माईक बंद होते आणि तुमचा चुकून चालू राहिला, म्हणून ते काम तुमचे. घाबरू नका. यात लिहायचे फार थोडे असते. टाळायचे पुष्कळ असते, आणि कसब तिथेच लागते.

सोप्या भागापासून सुरुवात करा. फंक्शनचे नाव घ्या, फोडा, शेवटी क्रियापद लावा. ‘सेटबफरसाइझ’ असेल तर “बफरची साइझ सेट करते”. पॅरामीटर ‘साइझ’: “साइझ”. रिटर्न व्हॅल्यू: “रिझल्ट”. साइझ बाइटमध्ये की किलोबाइटमध्ये, शून्य दिले तर बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) बंद होतो की अमर्याद होतो, दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी, एकदम कॉल केले तर काय, हे प्रश्न वाचकाला खुशाल पडू द्या. पडले की तो सोर्स कोड उघडेल. ओपन सोर्सचा तोच तर फायदा. कॉमेंटमधून पाने बनवणारे टूल तुमच्या या एका ओळीचेही देखणे पान करते, डावीकडे मेन्यू येतो, वर शोधायची चौकट येते आणि रिपोर्टमध्ये शंभर टक्के फंक्शन्स डॉक्युमेंटेड असल्याची हिरवी खूण उमटते. मॅनेजर ती खूण बघतात. पान कुणी उघडत नाही.

सविस्तर लिहिणाऱ्यांचे काय होते ते पाहा. सी भाषेच्या लायब्ररीत तारीख ठेवायचे जे स्ट्रक्चर आहे, त्यात महिना ० ते ११, दिवस मात्र १ ते ३१, आणि वर्ष म्हणजे १९०० नंतर किती वर्षे गेली तो आकडा. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेले आहे. जावास्क्रिप्टनेही तीच मोजणी उचलली. तरी २००० साल उजाडले तेव्हा कित्येक वेब पानांवर ‘१९१००’ झळकले, कारण वर्ष सांगणाऱ्या फंक्शनने इमानदारीत १०० दिले आणि त्याच्यापुढे कुणीतरी १९ चिकटवून ठेवले होते. लिहूनही हीच गत, तर लिहायचे कशाला? तुम्ही “महिना दर्शवते” एवढे म्हणा आणि पुढे सरका.

खरी कसोटी एररच्या भागात लागते. तो भाग वगळा. वगळणे अगदीच शक्य नसेल तर “काही कारणाने अयशस्वी झाल्यास एरर येतो” असे लिहा. या वाक्यात आजवर कुणी चूक काढलेली नाही. याहून वरच्या पातळीचे मोघम लिखाण शिकायचे असेल तर सी भाषेचे स्टँडर्ड आहेच. मेमरी मागायच्या मॅलॉक या फंक्शनकडे शून्य बाइट मागितले तर नल पॉइंटर (कुठलीच जागा न दाखवणारा पत्ता) मिळेल किंवा नल नसलेला पण वापरता न येणारा पॉइंटर मिळेल, आणि यातले काय मिळायचे ते इम्प्लिमेंटेशनने, म्हणजे भाषा प्रत्यक्षात उतरवणाऱ्या कंपाइलर-लायब्ररीने, ठरवायचे. तिथे त्याला कारण आहे, कारण सीची इम्प्लिमेंटेशन्स ढीगभर आहेत. तुमच्या भाषेचे जगात एकच इम्प्लिमेंटेशन आहे आणि ते तुमच्याच लॅपटॉपवर आहे. तरीही बिनदिक्कत लिहा: “हे वर्तन इम्प्लिमेंटेशनवर अवलंबून आहे.” वाचकाला वाटेल, ठरवणारे कुणी दुसरेच आहे.

स्पष्ट बोलायचा मोह झालाच तर गेट्स या फंक्शनचे उदाहरण आठवा. ओळ वाचायची, पण बफर किती मोठा आहे हे विचारायचेच नाही, असा त्याचा खाक्या. १९८८ साली मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला तेव्हा त्याच्या आत शिरायच्या वाटांपैकी एक याच फंक्शनमधून जात होती. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये त्याच्याबद्दल सरळ लिहिले आहे की हे फंक्शन कधीही वापरू नका, आणि २०११ च्या स्टँडर्डमधून ते काढूनच टाकले. पण सावध लेखकाने आपल्याच फंक्शनबद्दल असे लिहायचे असते का? युनिक्सवाल्यांना मुळात ही सवयच वाईट. १९७१ च्या त्यांच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच कमांडखाली ‘बग्ज’ असा वेगळा मथळा असायचा आणि त्यात आपले काय चुकते ते स्वतःच सांगायचे. तुम्ही त्या मथळ्याला ‘पुढील सुधारणा’ म्हणा. मजकूर तोच ठेवला तरी चालेल.

जावामध्ये कचरा, म्हणजे आता न लागणारी मेमरी, गोळा करायला सांगणारी जी मेथड आहे, तिचे वर्णन मात्र पाठ करण्याजोगे आहे. ती रनटाइमला फक्त सुचवते. किती मेमरी मोकळी होईल, काम कधी संपेल, मुळात संपेल की नाही, कशाचीच हमी नाही, असे तिथे चक्क लिहिले आहे. गंमत म्हणजे हे संपूर्ण खरे आहे, आणि मला तरी रनटाइमबद्दल इतके प्रामाणिक वाक्य दुसरे आढळलेले नाही. तुम्ही फक्त प्रामाणिकपणा सोडून बाकीचे घ्या.

आता सर्व्हिस कमांड्स. इथे खेळायला मोकळे मैदान आहे. इंटरॅक्टिव्ह शेलमधून (ओळ टाइप करताच ती चालवून उत्तर देणाऱ्या खिडकीतून) बाहेर पडायचे कसे, हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवले आहे: नोडमध्ये टिंब देऊन ‘एक्झिट’, हॅस्केलच्या शेलमध्ये अपूर्णविराम (:) देऊन ‘क्विट’, आरमध्ये ‘क्यू’ आणि पुढे कंस. पायथनची तऱ्हा न्यारी. तिथे कंस न देता ‘एक्झिट’ टाइप केले की शेल बाहेर पडायचे दोन मार्ग नम्रपणे सांगायचे आणि स्वतः जागचे हलायचे नाही. तुम्हाला काय हवे ते त्याला नेमके कळलेले असायचे! अखेर २०२४ मध्ये ३.१३ आवृत्तीत ते सुधारले. एक परंपरा गेली. तुम्ही ती पुढे चालवू शकता. ‘हेल्प’ लिहिले की सगळ्या कमांडची यादी द्या, प्रत्येकीपुढे तिचेच नाव लिहा आणि बाहेर पडायची कमांड ‘प्रगत’ या भागात ठेवा. फ्लॅगचेही, म्हणजे कमांडपुढे द्यायच्या अक्षरांचेही, तसेच. पायथनमध्ये छोटा ‘व्ही’ म्हणजे पाल्हाळ आणि मोठा ‘व्ही’ म्हणजे आवृत्ती, नोडमध्ये छोटा ‘व्ही’च आवृत्ती सांगतो. तुम्हाला दोन्ही अक्षरे मोकळी आहेत, तिसराच अर्थ शोधा.

राहिल्या डीबगिंगच्या कमांड्स. त्या डॉक्युमेंटेशनमध्ये घालू नका, कोडमध्ये “फक्त अंतर्गत वापरासाठी” अशी कॉमेंट टाका. ही कॉमेंट म्हणजे आमंत्रण असते. जावामधला ‘अनसेफ’ नावाचा क्लास बाहेरच्यांसाठी नव्हताच, नावातच इशारा होता, तरी मोठमोठ्या लायब्रऱ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या आणि तो काढता काढता जावावाल्यांच्या नाकी नऊ आले. गो भाषेने अशा सवयींवर भलताच उपाय काढला. मॅपमधल्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातल्या) नोंदी कुठल्या क्रमाने येतील ते ठरलेले नाही, असे लिहून कुणी ऐकणार नाही हे ओळखून त्यांनी तो क्रम मुद्दाम दर वेळी बदलता ठेवला. म्हणजे डॉक्युमेंटेशन पाळायला लावण्यासाठी कोड लिहायचा! इतके कष्ट तुम्ही घेऊ नका.

शिवाय लिहिलेले शेवटी जिंकत नाही. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणाऱ्या मेमकॉपी या सीच्या फंक्शनच्या मॅन्युअलमध्ये आधीपासून बजावलेले आहे की दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर हे वापरू नका, त्यासाठी मेममूव्ह आहे. २०१० मध्ये लिनक्सवरच्या सीच्या लायब्ररीने, जीलिबसीने, मेमकॉपी वेगवान केली, काही प्रोसेसरवर ती मागून पुढे कॉपी करू लागली आणि फेडोरा या लिनक्सवर फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटला. नियम फ्लॅशने मोडला होता. पण वापरणाऱ्याला मॅन्युअलशी काय देणेघेणे, त्याचे कालपर्यंत चालत होते, असे म्हणत लिनक्सचे जनक खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्स चालत आलेल्याच्या बाजूने भांडले.

एकच गोष्ट मात्र लोक खरोखर वाचतात, ती म्हणजे उदाहरण. वाचतात म्हणजे उचलतात. म्हणून ते छोटे आणि सुंदर हवे: फाइल उघडा, वाचा, छापा, तीन ओळी. फाइल नसली तर, अर्धीच वाचली गेली तर, बंद कुणी करायची, हे सगळे “सोपेपणासाठी वगळले आहे”. या तीन ओळी जशाच्या तशा चालू सिस्टिममध्ये जातील याची खात्री बाळगा. त्यांच्याखाली बारीक अक्षरात लिहा: “प्रत्यक्ष वापरात एरर तपासावेत.” कुठले ते लिहायची गरज नाही, तो भाग आपण मघाशीच वगळला आहे.